श्रावणापासून शिमग्यापर्यंत

पावसाळा लागला की लहान मुलांच्या आयांची एकच तक्रार कानावर येते. "बाहेर सोडता येत नाही आणि घरात ठेवलं की मोबाइल सुटत नाही." ही तक्रार डोंबिवलीच्या इमारतींत जशी ऐकू येते, तशीच आता आमच्या खडवली-वासिंदच्या चाळींतही. बाजारात यावर उपाय आहेतच! रंगवायच्या तयार पणत्या, चिकटवायचा तयार कंदील. खोका उघडायचा, तासाभरात खेळ संपला. पण मैत्रिणींनो, आपल्या सणांकडे जरा नीट बघितलं तर लहानग्यांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम त्यात आधीच आखून ठेवलेला दिसेल. कोणत्या महिन्यात कुठलं पान, कुठली माती, कुठलं फूल, सगळं ठरलेलं. आपण तो फक्त दुकानातून न आणता परिसरातून आणायचा.

सुरुवात भाजीपासूनच करू या. पहिल्या पावसानंतर आपल्याकडच्या बाजारात कातकरी, ठाकर बायका शेवळं घेऊन बसतात. सोबत काकडाची फळं असतात, कारण शेवळं घशाला खाजतात आणि काकडाच्या आंबटपणानं ती खाज मरते. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी अशी रांग लागते. मुलं सोबत असतील तर या मावशींपुढे दोन मिनिटं थांबा. ही भाजी कुठे उगवते, कशी निवडायची, हे मुलांनाच विचारू द्या. रानाचं एवढं ज्ञान दुसऱ्या कुणाकडे मिळणार? आणि विचारून झाल्यावर पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका बरं. मुलं तेही शिकत असतात. टाकळ्याची पानं रात्री मिटतात, सकाळी उघडतात. "टाकळा झोपला का गं?" म्हणून रोज तिन्हीसांजेला बघून येणं हा चार वर्षांच्या मुलाला आठवडाभर पुरणारा खेळ आहे.

आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचा गोळा मुलांच्या हातात द्या. अंगठ्यानं खळगा पाडला की झाला दिवा. वाकडातिकडा झाला तरी वाफवून तूप घालून खायला सारखाच गोड! पिठोरीला हेच हात मातीचा बैल करतात. शिंगं पडतात, पुन्हा चिकटवायची.

गणपतीत मात्र दोन गोष्टी आपण मोठ्यांनी सांभाळायच्या. पहिली मूर्तीची. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही. म्हणूनच मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्तींसाठी ते नको, असे सुधारित नियम काढले. शाडूची छोटी मूर्ती घरच्या बादलीत विरघळते, आणि मुलांना ती विरघळताना बघायलाही मिळते. खाली उरलेला शाडू वाळवून डब्यात भरून ठेवा. कुंडीत टाकू नका, झाडाला त्याचा फारसा उपयोग नसतो. पुढच्या वर्षी त्याच मातीचे उंदीर-मोदक करता येतात.

दुसरी गोष्ट पत्रीची. बाजारातल्या जुडीत बरेचदा मुळासकट उपटलेली रोपं असतात. पूजेला पान हवं असतं, झाड नव्हे. म्हणून पत्री मुलांबरोबर आपणच गोळा करावी, पण डोळे उघडे ठेवून. दूर्वा, तुळस, आघाडा, जाई, डाळिंब ही पानं मुलांना खुशाल तोडू द्यावीत. धोतरा, कण्हेर आणि रुई मात्र आपण तोडायची. धोतऱ्याच्या बिया विषारी असतात, कण्हेरीचं तर सगळं झाडच विषारी, आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. तिन्हींची ओळख मुलांना जरूर करून द्या, पण लांबून. घरी आल्यावर सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. तीन पात्यांची एक दूर्वा, एकवीस दूर्वांची एक जुडी, एवढं मोजताना अंकही आपोआप पक्के होतात.

आता नदीबद्दल बोलायलाच हवं. आमची खडवली भातसेच्या काठावर. सुट्टीच्या दिवशी लोकलनं कुटुंबंच्या कुटुंबं इथे उतरतात. पण दर पावसाळ्यात इथून कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते. प्रशासन मनाई हुकूम काढतं, तरी लोक पाण्यात उतरतात. वर शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, मुंबईला पाणी देणारं. त्याचे दरवाजे उघडले की खाली पाणी भराभर चढतं. मग इथे ऊन का पडलेलं असेना! मुलांना नदी दाखवायची नाही, असं मी म्हणणार नाही. पण पावसाळ्यात उंचावरून, लांबूनच दाखवा. पाण्याचा रंग आज गढूळ का, परवापेक्षा पाणी वर आलं का, हे तिथून छान दिसतं. काठावरचे गोटे वेचायला हिवाळा आहेच, तोही हात धरून. "नदी आपली आहे, पण ती खेळणं नाही," हे वाक्य मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडू द्या.

भाद्रपदात तेरडा फुलतो. कोकणपट्टीत कितीतरी घरी तेरड्याची गौर आणतात. तेरड्याची पिकलेली शेंग नुसती चिमटीत धरली की फटकन फुटते आणि बिया उडतात. मुलांना याहून मोठी गंमत नाही. नवरात्रात घटातल्या अंकुराची उंची रोज दोऱ्यानं मोजा आणि नऊ दोरे भिंतीवर ओळीनं लावा. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडू नका, मुलामागे एकच पान पुरे. तेही आपट्याचंच आहे ना, बघा. कांचनाचं पान त्याहून मोठं असतं आणि बाजारात तेच आपटा म्हणून खपवलं जातं. दिवाळीच्या किल्ल्यावर चार-पाच दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरली की नरकचतुर्दशीला किल्ला हिरवागार. शिमग्याआधी पळस फुलतो. झाडाखाली पडलेली फुलं वेचून रात्रभर गरम पाण्यात भिजत ठेवा, सकाळी केशरी-पिवळं पाणी तयार.

एवढं सगळं करायला वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. डबे, पाणी, नोकरी, सासूबाईंची औषधं यातून उरतोच किती? म्हणून सगळं करू नका. या वर्षी एकच सण निवडा. जुन्या वहीत तारीख घाला, त्या दिवशीचं पान चिकटवा, शेजारी मुलाला त्याचं चित्र काढू द्या आणि पानाचं नाव मराठीतच लिहा. पुढच्या वर्षी तोच सण आला की वही उघडा. तेव्हा नाव तुम्ही सांगू नका, मुलाला सांगू द्या.