साडेपाच लाख माणसं आणि पाच टक्के

२०११च्या जनगणनेत जुन्या ठाणे जिल्ह्याची साक्षरता ८४.५३ टक्के निघाली. त्या वेळी महाराष्ट्राचा आकडा होता ८२.३४. म्हणजे ठाणे राज्याच्या दोन पावलं पुढे. मंत्रालयात बसून जिल्ह्यांची यादी वरून खाली वाचत जाणाऱ्या माणसाची नजर ठाण्यावर अडण्याचं काही कारण नव्हतं. ती खाली घसरत जाऊन नंदुरबारच्या ६४.३८वर थांबली असणार आणि ते योग्यही होतं. पण त्याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातला आणि दादरा-नगर हवेलीला खेटून, डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके होते.

हे दोन तालुके त्या आकड्यात किती दिसत होते, हे कागद-पेन्सिल घेऊन बघण्यासारखं आहे. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १,१०,६०,१४८. देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा. त्यात डहाणू तालुक्याची माणसं ४,०२,०९५ आणि तलासरीची १,५४,८१८. दोन्ही मिळून ५,५६,९१३. जिल्ह्याच्या तुलनेत पाच टक्के, वर थोडे पैसे.

आता एक भयंकर कल्पना करू. समजा, या दोन तालुक्यांत एकाही माणसाला अक्षर येत नव्हतं. साडेपाच लाख लोकांत एकही सही नाही, एकही पाटी नाही, एसटीवरचा बोर्ड वाचणारं कुणी नाही. तरीही ठाणे जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांच्या वरच राहिली असती. राज्याच्या सरासरीपासून जेमतेम एक अंक दूर. उलटही करून बघा. दोन्ही तालुक्यांतलं प्रत्येक माणूस एका रात्रीत वाचायला लागलं असतं, तर आकडा ८६-८७पर्यंत गेला असता. संपूर्ण अंधार आणि संपूर्ण उजेड यांत जिल्ह्याच्या कागदावर फरक पडतो फक्त पाच अंकांचा. सात वर्षांखालची मुलं वगळून हिशेब काटेकोर केला, तरी यात फारसा बदल होत नाही.

सरासरी खोटं बोलत नाही. पण मोठ्या जिल्ह्याची सरासरी छोट्या तालुक्याला गिळते, आणि गिळलेला तालुका कुठल्याही बैठकीत बोलू शकत नाही. म्हणून १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला, ही केवळ प्रशासनाची सोय होती असं मला वाटत नाही. नव्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या मोजणीने २९,९०,११६. त्यात डहाणू-तलासरीचा वाटा एकदम १८.६ टक्के झाला. माणसं तीच, पाडे तेच, फक्त भागायची संख्या बदलली आणि हे दोन तालुके जवळजवळ चौपट मोठे दिसायला लागले. अर्थात इथेही १३,४३,४०२ माणसांचा वसई तालुका आहेच. नव्या जिल्ह्यातली शंभरातली पंचेचाळीस माणसं एकट्या वसईची. मुंबईच्या लोकलला लटकणारी वसई-विरार-नालासोपाऱ्याची शहरं अजूनही आपला आकडा तलासरीच्या डोक्यावर पांघरतातच.

डहाणू तालुक्यात ६९ टक्के माणसं आदिवासी, तलासरीत ९० टक्क्यांहून थोडी जास्त. वारली सर्वाधिक, मग मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कोकणा, कातकरी. म्हणून इथलं खरं चित्र हवं असेल, तर जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा राज्यातल्या आदिवासींचा आकडा जवळचा. २०११ साली महाराष्ट्रात १,०५,१०,२१३ आदिवासी होते. स्वीडन या देशात तेव्हा जेवढी माणसं राहत होती, त्याहून दहा लाखांनी जास्त. त्यांची साक्षरता ६५.७ टक्के. पुरुष ७४.३, बायका ५७. म्हणजे सात वर्षांवरच्या शंभर आदिवासी बायकांतल्या त्रेचाळीस जणींना वाचता येत नव्हतं. राज्याचा हिशेब केला तर या बायका एकोणीस लाखांच्या घरात जातात. केरळात पुरुष आणि बायका यांच्यातलं अंतर तेव्हा चार अंकांचं होतं, सगळ्या महाराष्ट्रात साडेबारांचं. आपल्या आदिवासी समाजात ते सतराच्या वर होतं.

आणि तरीही हा समाज किती लांबून चालत आला आहे, तेही सांगितलं पाहिजे. १९६१ साली महाराष्ट्रातल्या आदिवासींची साक्षरता होती ७.२ टक्के. १९७१ला ११.७, १९८१ला २२.३, १९९१ला ३६.८, २००१ला ५५.२. मोजायची रीत मधल्या काळात बदलली, आधी लहान मुलंही भागाकारात धरली जायची, तरी चढ खराच आहे. जिथे शंभर माणसं गोळा केली तर वाचणारी सात निघायची, तिथे पन्नास वर्षांत पासष्ट निघाली. एवढं अंतर आपोआप कापलं जात नाही. त्यातलं काही या दोन तालुक्यांतच, एकाच वर्षी सुरू झालं होतं.

ते वर्ष १९४५. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी २३ मे रोजी सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनी वेठ आणि लग्नगडी नाकारली. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. कागदावर किती रुपये लिहिले आहेत, किती फिटले, किती उरले, हे अंगठा उठवणाऱ्याला कधीच कळायचं नाही. एका अंगठ्याची किंमत दोन जन्म, आणि पुष्कळदा पोरांचेही. त्या लढ्याच्या मागे उभ्या होत्या गोदावरी परुळेकर. झरीच्या सभेच्या सात-आठ वर्षं आधी, १९३७-३८च्या सुमारास, याच बाईंनी महाराष्ट्रात प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली होती, हे आपण विसरतो. आज त्यांच्या नावाचं कॉलेज तलासरीत आहे.

त्याच १९४५मध्ये थोड्या अंतरावर, समुद्रकाठच्या बोर्डीत, त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई मोडक आणि पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं. बोर्डीत हायस्कूल १९२०पासून होतं. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर शिक्षण होतं, पण ते वाडीतल्या आणि पाड्यावरच्या मुलापर्यंत जात नव्हतं. ताराबाईंनी बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुलं तिच्या दारात येईनात. मग त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. पुढे १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, तेव्हा नवाच पेच उभा राहिला. मुलं अंगणातही नसत. सकाळ झाली की गुरं घेऊन रानात जात.

त्यावर अनुताईंनी काढलेला उपाय मला आजही थक्क करतो. शाळा कुरणात गेली. गुरं चरताहेत, गुराखी पोरं झाडाखाली बसली आहेत, नजर एकीकडे बैलावर आणि एकीकडे पाटीवर. तिचं नाव कुरणशाळा. विकतचं साहित्य परवडणारं नव्हतंच, मग चिंचोके, बिया, पानं, शिंपले हीच मोजणीची आणि खेळाची साधनं. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणली, कारण पाचवीत जाणाऱ्या वयाची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच येणार. भावाला ठेवायला जागा नसेल तर मुलगी शाळेत येत नाही, हे ओळखायला त्यांना पाहणीची गरज पडली नाही. त्या तिथे राहत होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि लगेच वैधव्य आलेल्या अनुताई १९९२मध्ये गेल्या, तोवर अर्ध्या आयुष्याहून जास्त काळ त्यांनी याच तालुक्यात काढला होता.

बोर्डीच्या एका अंगणातून निघालेली ती कल्पना आता कुठवर गेली आहे? २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली ती देशातल्या ३३ गटांत. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. एका ठिकाणी एक मिनिट थांबून सगळ्या बघायच्या ठरवल्या, झोप-जेवण सोडून रात्रंदिवस फिरलं, तरी अडीच वर्षांहून जास्त लागतील. ही गोष्ट जगाला देणाऱ्या तालुक्यातल्या बायकांना आजही अंगठा उठवावा लागतो, याचं वाईट वाटतं आणि रागही येतो.

आता मोठ्या माणसांच्या शिक्षणाचा हिशेब. केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला आपण ‘उल्लास’ म्हणून ओळखतो, २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या पाच कोटी निरक्षरांना शिकवायचं उद्दिष्ट आणि मंजूर खर्च १,०३७.९० कोटी रुपये. आकडा डोळ्यांत भरतो. पण पाच कोटींनी भागला की माणशी २०८ रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. एका माणसाला अक्षरओळख, अंकओळख, डिजिटल व्यवहाराची ओळख, त्याची परीक्षा आणि प्रमाणपत्र, सगळं त्या रकमेत. बाकीचं स्वयंसेवकांच्या भल्या मनावर. त्यांना मानधन नाही. या कार्यक्रमाची मोठी परीक्षा १७ मार्च २०२४ला झाली. तारीख ठरवणाऱ्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण १७ मार्च हा अनुताईंचा जन्मदिवस.

स्वयंसेवक किती लागतील? जुन्या संपूर्ण साक्षरता अभियानात प्रौढाला कामापुरतं लिहिता-वाचता यायला सुमारे २०० तास धरले जात. समजा, डहाणू आणि तलासरी मिळून एक लाख मोठ्या माणसांना शिकवायचं आहे. एक लाख गुणिले दोनशे, म्हणजे दोन कोटी तास. दहा जणांचा एक गट केला, रोज एक तास वर्ग घेतला आणि वर्षातले दोनशे दिवस तो मोडला नाही, तर दहा हजार स्वयंसेवक लागतात. दोन तालुक्यांतल्या दर छप्पन माणसांमागे एक, तान्ही मुलं आणि म्हातारी धरून. आणि ते दोनशे दिवस आणायचे कुठून? आवणीच्या दिवसांत चिखलातून वर आलेल्या बाईच्या अंगात पाटी धरायचं त्राण नसतं. भात कापून झालं, दिवाळी उलटली, की पाडे रिकामे व्हायला लागतात.

कारण तेव्हा वीटभट्टीचा हंगाम सुरू होतो. दिवाळीआधीच शेठकडून उचल घेतलेली असते. घरातली भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं टेम्पोत घालून माणसं वसई, भिवंडी, कल्याणकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांच्या दराने. समजा, एका कुटुंबाने दिवसाला हजार विटा पाडल्या आणि दीडशे दिवस काम केलं, तर दीड लाख विटा झाल्या. चार-सहा माणसांच्या कुटुंबाने पाच महिन्यांत, हाताने, मातीच्या ओल्या गोळ्यातून काढलेल्या दीड लाख विटा. मोजणी शेठच्या वहीत. फुटक्या, वाकड्या, पावसात भिजलेल्या म्हणून हजारामागे पन्नास कमी लिहिल्या, तर साडेसात हजार विटा गेल्या. साडेसात दिवसांची सगळ्या घराची मेहनत. उचल त्यातून वळती होते, आठवड्याची खर्ची वळती होते, आणि शेवटी हातात काय उरलं हे वही वाचणाराच ठरवतो. साक्षरतेचा उपयोग काय, असा प्रश्न विचारणाऱ्याने हा हिशेब एकदा भट्टीवर बसून करावा. बाईला पत्र लिहिता यावं हे चांगलंच, पण आधी तिला ती वही उलटून बघता आली पाहिजे.

हंगामात आईबापांबरोबर गेलेलं मूल शाळेच्या पटावर राहतं आणि वर्गात नसतं. म्हणून १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भट्टीवर मजुरांनी गवत-पेंढ्याची जी तात्पुरती झोपडी उभारलेली असते, ती भोंगा. अनुताईंची शाळा कुरणात गेली, ही भोंग्यात. सरकारनेही हंगामी वसतिगृहं काढली, राज्यभर सुमारे ५०० सरकारी आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित आश्रमशाळा उभ्या केल्या. त्यांच्यातून शिकून शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका झालेली वारली मुलं-मुली आज या दोन तालुक्यांत आहेत. शाळा मुलाच्या मागे गेली की मूल शिकतं, याचा पुरावा या मातीत तीन पिढ्यांचा आहे.

पण हे सगळं मोजायचं कशावर? २०२१ची जनगणना झालीच नाही. म्हणजे आपण आजही २०११च्या आकड्यांवर योजना आखतो. त्या मोजणीत सात वर्षांखालचं प्रत्येक मूल नियमाप्रमाणे निरक्षरांत धरलं होतं. त्या वेळी पाळण्यात असलेलं तलासरीतलं बाळ आता दहावीच्या पुढे गेलं असेल किंवा चौथ्या वर्षी भट्टीवर जात असेल. सरकारी आकड्यात ते अजून पाळण्यातच आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ची मध्यरात्र, आणि घरोघरची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे भट्ट्यांचा ऐन भर. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो माणूस गावी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा आजवरचा नियम आहे. त्या नियमाने तलासरीतली न वाचता येणारी बाई भिवंडीच्या हिशेबात जाईल. भिवंडीच्या लाखोंच्या गर्दीत ती कुणाला दिसणार नाही, आणि तलासरीचा आकडा तिच्याविना जरा बरा दिसेल. पालघर आणि ठाणे या दोन्ही जिल्हा प्रशासनांनी आताच भट्ट्यांच्या याद्या करून, कुठल्या तालुक्यातून किती माणसं आली आहेत याची वेगळी नोंद ठेवली, तर निदान दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचता येतील. भट्ट्या कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा धूर महामार्गावरून दिसतो.