वहिनींचें पोटाचें दुखणें

गेल्या वर्षाच्या आरंभीं आमच्या वहिनींस अन्न नकोसें होऊं लागलें. चार घांस खाल्ले कीं पोट भरल्यासारखें वाटावें आणि तासाभरानें खाल्लेलें उलटून पडावें, असा प्रकार. वय बहात्तर, जन्मभर उपासतापास केलेलें शरीर. तेव्हां घरांत सर्वांनीं एकमुखानें ठरविलें कीं हें पित्त होय. मोरावळा झाला, सुंठ झाली, पंचवटींतील वैद्यांचीं चूर्णें झालीं. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेलें, तेव्हां अम्लपित्तावर आमचेंही एक प्रवचन झालें. यांत तीन महिने गेले व वहिनींचें वजन नऊ किलो उतरलें.

पुढें येथील एका डॉक्टरांनीं तोंडावाटे नळी घालून जठर पाहिलें. आंतील त्वचा किंचित् लालसर, एवढेंच दिसलें. घेतलेल्या तुकड्यांतही कांहीं निघालें नाहीं. दुसऱ्या खेपेस जठराची भिंत जाड व ताठ झालेली आढळली. खोलवरचे तुकडे घेतले तेव्हां कर्करोगाच्या पेशी सांपडल्या. जठर काढून टाकावयाचें ठरलें. दिवसही नेमला गेला.

त्यापूर्वीं एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीं आम्हां पुरुषमंडळींस बाहेर बसविलें आणि वहिनींस एकट्यांनाच विचारलें, "आजी, पूर्वीं कधीं ऑपरेशन झालें होतें का?" हाच प्रश्न दादांस व पुतण्यास दोनदां विचारला गेला होता आणि दोघांनींही "नाहीं" म्हणून सांगितलें होतें. वहिनी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग पदर सारखा करीत म्हणाल्या, "झालें होतें. नऊ वर्षांपूर्वीं, मुंबईस. छातीचें."

आम्हां सर्वांस तें ठाऊक होतें. उजवा स्तन काढला होता. त्या वेळीं धाकट्या पुतणीच्या लग्नाची बोलणीं चाललीं होतीं, म्हणून या गोष्टीचा उच्चार करावयाचा नाहीं असें घरांत ठरलें. लग्न झालें, मुलगी सासरीं रुळली, तरी मौन तसेंच राहिलें. पांच वर्षें गोळ्या घेऊन झाल्यावर तर तें दुखणें संपलें असेंच आम्ही समजत होतों. पोटाच्या विकाराशीं त्याचा संबंध असेल ही कल्पना कोणाच्या स्वप्नींही नव्हती.

संबंध कसा, तें आम्हीं पुढें डॉक्टरीणबाईंकडून समजून घेतलें. स्तनाच्या कर्करोगांत शेंकडा दहा ते पंधरा एका निराळ्या जातीचे असतात. त्यांस 'लोब्युलर' म्हणतात. शरीरांतील पेशींना एकमेकींशीं धरून ठेवणारें इ-कॅडहेरिन नांवाचें एक प्रथिन आहे. या जातींत तें बहुधा नाहींसें होतें. त्यामुळें पेशी गोळा होऊन बसत नाहींत, मुंग्यांप्रमाणें एकामागून एक रांगेनें शिरत जातात. स्तनांतही अशा वेळीं कठीण गांठ न लागतां नुसता जाडपणा जाणवतो, व तो क्ष-किरणांच्या चित्रांतूनही निसटूं शकतो. स्तनाचा कर्करोग पसरला तर हाडें, फुप्फुसें, यकृत यांकडे जातो हें पुष्कळांस माहीत असतें. पण ही जात त्यांशिवाय जठर, आंतडीं व उदराचें आवरण यांकडेही इतर जातींपेक्षां अधिक वळते. कधीं पांच-सात वर्षांनीं, कधीं त्याहूनही पुष्कळ उशिरानें. जठरांत ती आंतल्या त्वचेच्या खालून पसरते. म्हणून वरून पाहणारास त्वचा धड दिसते, वरवरचा तुकडा निर्दोष निघतो, आणि जठर मात्र वाळलेल्या पखालीसारखें ताठ होऊन बसतें. सूक्ष्मदर्शकाखालीं या पेशी जठराच्या स्वतःच्या एका कर्करोगासारख्याच दिसतात. पूर्ववृत्त ठाऊक नसेल तर जाणताही फसतो.

लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ सालीं, स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी पाहून असें मांडलें होतें कीं बीज चहूंकडे उडालें तरी मानवेल त्याच भूमींत रुजतें. आमच्या सुश्रुतांतही, पूर्वींच्या अर्बुदावर दुसरें उद्भवल्यास त्यास 'अध्यर्बुद' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. एवढ्यावरून प्राचीनांस सर्व ठाऊक होतें असें म्हणणारांत आम्ही नाहीं. पण रोग एकदां होऊन थांबतोच असें नाहीं, हें त्यांनीं पाहिलें होतें खास. तें बीज उडूं नये म्हणूनही यत्न चालू आहेत. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेथील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं देशांतील अकरा ठिकाणच्या सुमारें १६०० स्त्रियांवर केलेला प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. गांठ काढण्यापूर्वीं कांहीं मिनिटें तिच्याभोंवतीं बधिर करण्याचें साधें औषध टोंचलें, तर पांच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचें प्रमाण थोडें परंतु निश्चित वाढलेलें आढळलें.

असो. वहिनींचा तो जुना तुकडा मुंबईस मेणाच्या ठोकळ्यांत बसवून जपलेला होता. पुतण्या पहांटे पंचवटी एक्स्प्रेसनें गेला व रात्रीं तो घेऊन आला. दोन्ही तुकडे विशेष रंग देऊन ताडून पाहिले; एस्ट्रोजेन या हार्मोनास धरणारे ग्राहक दोहोंतही होते. रोग जठराचा नव्हता, स्तनाचाच होता. जठर काढण्याचा बेत रहित झाला, कारण रोग अंगभर फिरलेला असतां एक अवयव काढून लाभ होत नाहीं. मार्ग बंद झाला, रक्तस्राव झाला किंवा भोंक पडलें तरच शस्त्र लागतें. हार्मोन दाबणारी लेट्रोझोलची रोजची गोळी व तिच्या जोडीस एक नवें औषध सुरू झालें. यानें रोग समूळ जात नाहीं, आवरला जातो. किती काळ, तें कोणी सांगितलेलें नाहीं व आम्हींही विचारलेलें नाहीं.

दादांस अद्याप त्या दोन "नाहीं"ची खंत वाटते. जेवतांना तें मधूनच बोलून दाखवितात, आणि वहिनी त्यांस "भात घ्या" म्हणून गप्प करतात. त्या स्वतः दिवसांतून पांच वेळां थोडें थोडें खातात. मागल्या महिन्यांत त्यांस दांतांच्या डॉक्टरांकडे नेलें. खुर्चींत बसतां बसतांच, त्यानें कांहीं विचारण्यापूर्वीं, त्यांनीं आपला सगळा इतिहास सांगितला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, ती कागदांची पिशवी द्या यांना."