गुंगी व अस्वस्थता यांचे मोजमाप
अतिदक्षता विभागातील रुग्ण शांत पडलेला असला, तरी ती शांतता निद्रेची, औषधाच्या गुंगीची की संज्ञानाशाची, हे नुसत्या दर्शनाने ठरत नाही. त्यासाठी अमेरिकेतील रिचमंड येथे तयार झालेली व २००२ साली प्रसिद्ध झालेली ‘रास’ ही १० पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे सावध व शांत, अधिक ४ म्हणजे हिंसक, तर उणे ५ म्हणजे स्पर्शालाही प्रतिसाद नाही.

तिची रीत आपल्या त्रिविध परीक्षेशी जुळते. प्रथम दर्शन. रुग्ण सावध नसल्यास नावाने हाक मारून आपल्याकडे पाहण्यास सांगावे. नजर १० सेकंदांहून अधिक टिकल्यास उणे १, कमी टिकल्यास उणे २, नजर न मिळता केवळ हालचाल झाल्यास उणे ३. हाकेला प्रतिसाद नसेल तरच स्पर्शन : खांदा हलवून वा उरोस्थी चोळून हालचाल झाल्यास उणे ४.

हा अंक म्हणजे निदान नव्हे. अस्वस्थतेमागे वेदना, प्राणवायूची कमतरता, मूत्रावरोध किंवा अकस्मात सुटलेले मद्य असू शकते. गुंगीमागे पूर्वी घेतलेली औषधेही असू शकतात. म्हणून आम्ही सुचवितो की, आपल्या रुग्णास सर्पगंधा, जटामांसी वा तगर यांचे कल्प चालू असल्यास वैद्यांनी ते तेथील डॉक्टरांना मात्रेसह लेखी कळवावे. औषधविक्रेत्यांनीही बिलावर कल्पाचे नाव स्पष्ट लिहावे.