आधी उपासना, मग करंजी



नोव्हेंबर लागला. वावरात कापूस फुटलाय आणि वेचणीला बाया मिळत नाहीत. अशात मी नाताळाचा विषय काढला तर तुम्ही म्हणाल, "ताई, अजून सात आठवडे आहेत, आत्तापासून कशाला?" डिसेंबर लागला की ऐकायला कुणाला सवड नसते, म्हणून आत्ताच काढते.

आधी माझीच चूक सांगते. एका वर्षी मी नाताळाला पाच प्रकारचा फराळ करायचं ठरवलं. दिवसा वेचणी, रात्री कढई. किराणा उधार आणला. २४ तारखेच्या रात्री उपासनेला गेले खरी, पण बसल्या जागी डोळा लागला. पाळकांनी काय सांगितलं, एक शब्द कानावर पडला नाही. उधारी फिटता फिटता होळी आली. घरात करंज्या होत्या, नवे कपडे होते, दारावर चांदणी होती. पण ज्याच्या जन्माचा सण, त्याच्यापाशी घटकाभर बसायला मला वेळ झाला नव्हता.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थच जन्म. या जन्माच्या सणासाठी मनाची तयारी व्हावी म्हणून मंडळीत फार पूर्वीपासून चार रविवार राखून ठेवलेले आहेत. त्याला आगमनकाळ म्हणतात. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येतो. म्हणजे आधीपासून तयारी करायची रीत जुनीच आहे. आपण ती तयारी फक्त चुलीपाशी नेऊन ठेवली.

मग काय करायचं? या आठवड्यात एका संध्याकाळी घरातली सगळी माणसं एकत्र बसा. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. त्यावर आधी उपासनेच्या वेळा लिहा: चार रविवार, २४ ची रात्र, २५ ची सकाळ आणि ३१ डिसेंबरची रात्र. या वेळा पक्क्या. बाजार, साफसफाई, फराळ, पाहुणे हे सगळं उरलेल्या जागेत बसवा. आपण नेहमी उलटं करतो, आणि मग उपासनाच उरलेल्या वेळात जाते.

दुसरी गोष्ट वाचनाची. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज जेवणानंतर एक अध्याय वाचला, तर २४ तारखेला पुस्तक पूर्ण होतं. येशूच्या जन्माची हकिगत दुसऱ्या अध्यायात आहे, तो अध्याय २४ च्या रात्री पुन्हा वाचा. मोठे अध्याय दोन वेळेला वाटून घ्या. आपल्याला वाचता येत नसेल तर लेकरांना वाचायला सांगा. पंडिता रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली, ती साध्या माणसाला कळावं म्हणूनच. आणि वाचनाला गाण्याची जोड द्या. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांची कितीतरी गीतं 'उपासना संगीता'त आहेत. त्यातली तीन निवडा आणि महिनाभर म्हणा. टाळ-ढोलकी घरात असेल तर उत्तमच.

तिसरी गोष्ट कामाची. फराळाचे दोनच प्रकार ठरवा. चार-पाच घरच्या बायांनी मिळून एकेकीकडे पाळीपाळीनं करा; हात जास्त असले की काम लवकर उरकतं. २२ तारखेपर्यंत तळण संपवा. २४ ला दुपारनंतर कढई चढवायची नाही, असा घरात नियमच करा. झाडलोट, रंग, चांदणी, दिवे हे काम घरधन्याकडे आणि पोरांकडे द्या. सण सगळ्यांचा आहे, मग दमायचं एकटीनंच का?

चौथी गोष्ट पैशाची. आजपासून आठवड्याला २०० रुपये बाजूला काढले तर सात आठवड्यांत १,४०० रुपये जमतात. ते तीन पाकिटांत वाटा: दान, घरखर्च, पाहुणे. दानाचं पाकीट आधी भरा. जेवढं पाकिटात आहे तेवढाच सण. गटाचं कर्ज बियाण्यासाठी, आजारपणासाठी, लेकरांच्या फीसाठी असतं. ते कपड्यांवर आणि फराळावर उडवू नका. येशूचा जन्म गोठ्यात झाला, त्याला गव्हाणीत ठेवलं आणि पहिली खबर रात्री मेंढरं राखणाऱ्यांना मिळाली. अशा सणापायी घर कर्जात बुडावं, हे त्या गोष्टीशी जुळत नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी घरचा कर्ता माणूस गमावलेली घरं आहेत. गावागावांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यातलं एक घर आत्ताच ठरवा, कोणत्याही जातीधर्माचं. त्याचं नाव कॅलेंडरवर लिहा. नाताळाच्या आधी एक दिवस डबा घेऊन जा आणि घटकाभर बसा. उपदेश करायचा नाही, ऐकून घ्यायचं. नुसतं मनात ठेवलं तर राहून जातं. तारीख लिहिली की पाय निघतो.

आपल्या गटात हिंदू, बौद्ध, मुसलमान बहिणीही आहेत. त्यांनाही सांगते, तुमच्या सणाला हाच हिशेब लावून बघा. सण कशासाठी आहे, ते आधी कागदावर लिहा. मग खर्च आणि काम.

यंदा माझ्या घरी तीनऐवजी दोनच डबे भरतील. पण २४ च्या रात्री मी जागी असेन.

जय ख्रिस्त. नमस्कार.