गर्भावस्थेतील मधुमेहावर उपचार केल्यास नवजात बालकांचा धोका घटतो

गर्भावस्थेत उद्भवणाऱ्या मधुमेहावर वेळीच उपचार केल्यास नवजात बालकांना होणारे गंभीर अपाय कमी होतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत अशा सौम्य मधुमेहावर उपचार आवश्यक आहेत का, याविषयी डॉक्टरांमध्ये मतभेद होते.

मातेच्या रक्तातील अतिरिक्त साखर वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. मातेचे इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. त्यामुळे गर्भाचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन निर्माण करते. परिणामी बाळाचे वजन प्रमाणाबाहेर वाढते व प्रसूतीच्या वेळी त्याचा खांदा अडकण्याची भीती असते. नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो. परंतु इन्सुलिन अधिकच राहिल्याने बाळाच्या रक्तातील साखर एकाएकी घसरू शकते.

या अभ्यासात १,००० गर्भवतींचा समावेश होता. आहाराचा सल्ला, रक्तशर्करेची नियमित तपासणी आणि गरजेनुसार इन्सुलिन मिळालेल्या गटात बाळाचा मृत्यू, खांदा अडकणे, हाड मोडणे अथवा मज्जातंतूंना इजा होण्याचे एकत्रित प्रमाण १ टक्का होते. केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ते ४ टक्के आढळले. उपचारांमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढले नाही. मात्र कळा कृत्रिमरीत्या सुरू करण्याचे तसेच बालकांना नवजात कक्षात दाखल करण्याचे प्रमाण वाढले.

भारतात केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासले जाते. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास प्रथम आहार व व्यायाम आणि तेवढ्याने ती आटोक्यात न आल्यास औषधोपचार सुरू केले जातात.