जुनी गाडी आणि पेट्रोलची नळी



घरची जुनी स्कूटर असो वा हौसेने जपलेली फोक्सवॅगन बीटल, दोघींचे इंजिन पाण्याने नव्हे, हवेने थंड होते. बीटलची टाकी पुढे आणि इंजिन मागे असते. पेट्रोल नळीने मागे येते. इंजिनाजवळचा नळीचा तुकडा रबराचा असतो. उष्णतेने तो कडक होऊन तडकतो, आणि आपल्या ग्वाल्हेरचा उन्हाळा तर ४५ अंशांवरही जातो. आजच्या पेट्रोलमधील २० टक्क्यांपर्यंतचे इथेनॉलही जुन्या रबराला मानवत नाही. गळलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनावर किंवा ठिणगीजवळ पडले की आग लागते.

जुन्या घडणीची शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत तयार झाली. म्हणजे त्यातली सर्वांत नवी गाडीही वीस वर्षांपेक्षा जुनी आहे. म्हणून इथेनॉल सोसणारी नवी नळी बसवावी व क्लिपा घट्ट ठेवाव्यात. मागच्या सीटखालच्या बॅटरीवर झाकण हवेच. सीटच्या स्प्रिंगा तिला टेकल्या तर ठिणगी उडते.

आग लागलीच तर इंजिन बंद करून सर्वांनी दूर व्हावे आणि १०१ वर फोन करावा. पाणी ओतू नये. बीटलच्या इंजिनाच्या धातूत मॅग्नेशियम असते; ते पेटले तर पाण्याने अधिकच भडकते.

मुलांनो, गाडीत पेट्रोलचा वास आला तर गप्प बसू नका. गाडी सुरू होण्याआधीच मोठ्यांना सांगा.

– मुख्याध्यापक