तीन मिलीलिटरची शिकार

जीपच्या बॉनेटवर स्वच्छ कापड अंथरलेलं असतं. हातमोजे चढवून वनखात्याचे पशुवैद्यक त्यावर डार्ट भरू लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीत गावालगत आलेल्या वाघाला जेरबंद करण्याच्या मोहिमेत हे काम कुणी घाईनं करत नाही.

डार्ट म्हणजे उडणारी सिरिंजच. नळीत मधोमध दट्ट्या असतो. पुढच्या कप्प्यात औषध भरायचं, सुईच्या बाजूच्या छिद्रावर सिलिकॉनचं कडं सरकवायचं आणि मागच्या कप्प्यात हवा कोंबायची. सुई कातडीत शिरली की कडं मागे सरकतं, छिद्र उघडतं आणि कोंडलेली हवा दट्ट्या रेटून औषध स्नायूत सोडते. मागचा लोकरी गोंडा डार्टला सरळ नेतो.

खरी कसोटी वजनाची. मोठा नर वाघ २०० किलोच्या आसपास भरतो. त्याचं औषध लहान डार्टमध्ये मावलं नाही, तर ३ किंवा ५ मिलीलिटरचा डार्ट घ्यावा लागतो. जड डार्ट लवकर खाली झुकतो, म्हणून बंदुकीतल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब वाढवायचा. दाब कमी पडला तर डार्ट वाघापर्यंत पोचत नाही. जास्त झाला तर मांस फाटतं, हाडही दुखावतं. म्हणूनच सरावात डार्टमध्ये औषधाइतकंच पाणी भरतात. नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर. डोकं, छाती, पोट टाळायचं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणी पकडणं हीसुद्धा ‘शिकार’च आहे. त्यामुळे या डार्टलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. वाघाला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नसेल, तरच त्याला ठार मारण्याची परवानगी देता येते. १३ माणसांचा जीव घेणारा ‘सीटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीच्या वडसा परिसरात असाच बेशुद्ध करून पकडला गेला. गोळी न झाडता गावांवरची दहशत उठली. या बंदुकीचं मोल मला इथं दिसतं.

डार्ट लागल्यावर वाघ लगेच पडत नाही. काही मिनिटं तो चालत राहतो. या वेळी शांतता हवी. बिथरलेल्या जनावरावर औषधाचा अंमल नीट बसत नाही. वाघ आडवा झाला की त्याच्या डोळ्यांत मलम घालून वर कापड टाकतात, श्वास मोजतात, अंगावर पाणी ओततात. पिंजऱ्यात नेल्यावर उतारा टोचतात.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचा संताप खरा आहे. तरीही गावकऱ्यांना विनंती एकच: डार्ट सुटेल त्या दिवशी मोबाइल घेऊन झुडपाभोवती गर्दी करू नका. तेवढी पंधरा-वीस मिनिटं वाघाला आणि वनखात्याच्या माणसांना द्या.